पांढरी गाडी नापास

हसणार नाही, असे वचन आधी द्या, मग सांगते. नुसती मान डोलवू नका, तोंडाने म्हणा! हा किस्सा ऐकताना ते वचन आजवर एकानेही पाळलेले नाही, आणि वचन मोडणाऱ्यांत माझी सख्खी बहीण पहिली आहे. तरीही सांगते. कारण सौसरपासून पांढुर्ण्यापर्यंत तो आता ज्याच्या त्याच्या तोंडी आहे आणि जो तो त्यात आपल्या पदरचे तिखटमीठ घालतो. फजिती माझी, तर निदान ती सांगण्याचा मान तरी माझा असावा!

तर, माझ्याकडे एक गाडी आहे. तिचे नाव हरिणी.

शाळेतून निवृत्त झाल्यावर माझ्या बरोबरीच्या शिक्षिका तीर्थयात्रेला गेल्या. मी गाडी घेतली. का घेऊ नये? सारी नोकरी मी सौसर ते रामाकोना अशी बसने केली, आणि बहुतेक वेळा उभ्याने केली. बस उशिरा आली की वर्गावर पोहोचायला उशीर, आणि उशिरा येणाऱ्या मुलांना दाराबाहेर उभे करणारी बाई स्वतःच उशिरा येते, ह्यापरती नामुष्की कोणती? तेव्हाच ठरवले होते, की एक दिवस वाऱ्याशी स्पर्धा करणारे वाहन घ्यायचे.

हरिणी मूळची नागपूरच्या एका हौशी डॉक्टरांची. लाल रंग, बसका बांधा, रुंद चाके, वेगासाठीच जन्मलेली. मी घेतली तेव्हाच ती जुनी होती, आता तर तिला आजीच म्हणावे. पण अजूनही पाय जरा दाबला, की आधी बारीक शीळ घालते आणि मग अशी सुटते, की मागे बसलेल्याच्या तोंडातला घास तोंडातच राहतो. तिच्यात बसायचे म्हणजे पाटावर बसल्यासारखे खाली बसावे लागते आणि उठताना कोणाला तरी हात द्यावा लागतो. गतिरोधकावर तिचे पोट घासते. रस्त्यातला खडा न् खडा कमरेला कळतो. हे दोष नाहीत का? आहेत. पण हुशार मुलाच्या गिचमिड अक्षराकडे आपण थोडी डोळेझाक करतोच की नाही?

आमच्या प्रशांतला, म्हणजे माझ्या मुलाला, ही डोळेझाक मान्य नव्हती. यंदा संत्र्याच्या बगीच्याला चांगला बहार आला आणि त्याने नवी गाडी दारात उभी केली. लांबलचक, उंच, पांढरीशुभ्र. माणसांच्या तीन रांगा मावतील एवढी. आमच्या भागात यंदा ज्याचा बहार साधला त्याने हीच गाडी घेतली, आणि ह्याच रंगाची. एवढे एक वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवले नाही, म्हणून तर हा किस्सा झाला!

घरात गाडीला सावलीची जागा एकच, जुना गोठा. तिथे हरिणी राहते.

प्रशांत म्हणाला, "आई, आता हरिणीले जाऊ दे न. ते डॉक्टर स्वतःहून परत मागून राहिले तिले. शनिवारी संध्याकाळी पाहाले येतो म्हणे."

"आणि ही तुझी म्हैस गोठ्यात बांधायची?"

"म्हैस नाही आई, फॅमिली गाडी हाये. सारे एकत्र बसतात. तुझ्या हरिणीत मागं बसलं की गुडघे कानाले लागतात!"

सारिका, माझी सून, मुळात समजूतदार. ती म्हणाली, "आई, तुम्हीच परीक्षा घ्या न दोघींची. तुम्ही जो निकाल द्याल तो आम्हाला मान्य. नव्या गाडीला नापास केलं, तर ती बाहेर लिंबाखाली उभी राहील आणि हरिणी गोठ्यात. पास केलं, तर हरिणी डॉक्टरांकडे."

आता सांगा, माझ्यासारखीला ह्याहून मोठे आमिष कोणते? माझ्या हातून कधी कोणाला अर्धा गुण जास्त गेला नाही, कमीही गेला नाही. शिवाय माझी दुसरी ख्याती अशी, की एकदा पाहिलेला चेहरा मी विसरत नाही. ही ख्याती मीच पसरवलेली आहे, पण आहे.

बेत ठरला. नव्या गाडीला जामसावळीच्या मारुतीचे दर्शन घडवल्याशिवाय आमच्याकडे कोणी ती खऱ्या अर्थाने वापरात आणत नाही. म्हणून शनिवारी सौसर ते जामसावळी मी हरिणी चालवायची. तिथे नव्या गाडीची पूजा. आणि तिथून पुढे पांढुर्ण्याला, माझ्या धाकट्या बहिणीकडे, सुमनकडे जेवायला जाताना मी नव्या गाडीत बसायचे. सारिकाचे मामा-मामी तिगावहून परस्पर देवळात येणार होते. मामांचा हात गाडीवर चांगला, म्हणून नवी गाडी पुढे ते चालवणार आणि हरिणी प्रशांत आणणार. मामा-मामींना मी लग्नात पाहिले होते म्हणे. लग्नात मी दीडएक हजार माणसे पाहिली!

हरिणीची परीक्षा अर्थातच उत्तम झाली. जामसावळीला आम्ही मागच्या गाडीच्या कितीतरी आधी पोहोचलो. फक्त देवळाजवळच्या उतारावर तिचे पोट टेकेल म्हणून तिला लांब, डांबरी रस्त्याच्या कडेलाच ठेवावी लागली. पण मोठी माणसे थोडे अंतर राखूनच असतात.

शनिवारची गर्दी विचारू नका! पूजा झाली. गाडीच्या नाकावर कुंकवाचे स्वस्तिक, वर झेंडूचा हार, चाकांखाली लिंबे, नारळ फुटला. सारिका म्हणाली, "आई, ऊन फार आहे. तुम्ही गाडीत जाऊन बसा. मामा-मामी आलेत, गाडीजवळच आहेत. मी प्रसाद घेऊन येते."

मी गेले. पांढरी गाडी, नाकावर स्वस्तिक, झेंडूचा हार. चालकाच्या जागेवर पन्नाशीचे एक गृहस्थ, शेजारी त्यांची पत्नी, आणि अगदी मागच्या रांगेत नऊवारीतल्या एक आजी. मी मधल्या रांगेत बसले.

"ओळखलंत ना मला?" मी हसून विचारले.

गृहस्थ दचकून मागे वळले आणि बसल्या जागी जवळजवळ उभेच राहिले. "बाई! तुम्हाले नाही ओळखणार, त मंग कोणाले ओळखणार?"

"मीही तुम्हांला पाहताक्षणी ओळखले," मी म्हणाले.

का म्हणाले? शिष्टाचार, दुसरे काय! सुनेच्या मामांना 'तुम्ही कोण' असे विचारायचे का?

त्यांचा चेहरा असा उजळला, की मलाच कौतुक वाटले. पत्नीला म्हणाले, "पाह्य शोभा! मी म्हणत नव्हतो? बाई कोणाले विसरत नाहीत!"

"निघू या मग," मी म्हणाले. "पांढुर्ण्याला सुमन वाट पाहत असेल. सारिका हरिणीतून येईल. वेळेला वेळ पाहिजे."

"पांढुर्ण्याले?" त्यांनी पत्नीकडे पाहिले. पत्नीने त्यांच्याकडे पाहिले. मागून आजी म्हणाल्या, "पण जावईबापू, घरी त..."

"मामी, चूप राहा! बाई हायेत!" आणि गाडी निघाली.

सासूला मामी म्हणायची आमच्याकडे रीतच आहे, तेव्हा त्यात मला काही वावगे वाटले नाही. चौकात मात्र गाडी क्षणभर थबकली, जणू कुठल्या बाजूला जावे हे तिला सुचेना.

"काय झाले? रस्ता माहीत नाही का ह्या गाडीला?"

"हाये न बाई, हाये!" आणि ती पांढुर्ण्याच्या रस्त्याला लागली.

इथून माझी परीक्षा सुरू झाली. आणि परीक्षा म्हटली की मी मोठ्याने बोलते. ही सवय जुनी.

"गाडी वेग घेत नाही. वरातीत निघाल्यासारखी चालते आहे."

"नवी हाये बाई. हळूहळू घेऊन राहिलो."

"नवी असणे ही सबब नव्हे. आमची हरिणी म्हातारी आहे, तरी आतापर्यंत अर्धा रस्ता गेली असती."

मधेच गाडीतून एक बाईमाणूस इंग्रजीत काहीतरी बोलले. मी विचारले, "हे कोण?"

"गाडीच बोलते बाई. पट्टा लावा म्हणते."

"विचारल्याशिवाय बोलते? वर्गात मी खपवून घेतले नसते."

मामींना, म्हणजे मी ज्यांना मामी समजत होते त्या शोभाताईंना, हसू आवरेना. त्यांनी संत्री सोलून माझ्या हातावर ठेवली, वरून पाण्याची बाटली दिली. बाटली ठेवायला गाडीत थंडगार कप्पा होता. छतातून गार वारा येत होता. पाय लांब करता येत होते. ह्या साऱ्या गोष्टी मला दिसत होत्या. पण निकाल मी आधीच लावून बसले होते, आणि परीक्षकाने निकाल आधी लावला की उत्तरपत्रिका किती नीटनेटकी आहे ह्याला काय अर्थ?

रेल्वेच्या फाटकाशी आम्ही थांबलो आणि इंजिनाचा आवाजच बंद झाला.

"पडली बंद!" मी टाळीच वाजवली. "पूजेच्या दिवशीच बंद पडली!"

"नाही बाई, थांबली की आपोआप बंद होते, आपोआप चालू होते. पेट्रोल वाचते."

"म्हणजे शिक्षक पाठमोरे झाले की झोप काढायची! अशी मुले मी पुष्कळ पाहिली आहेत."

गृहस्थांच्या मानेवरून घाम ओघळला. मागून आजींचा आवाज आला, "मी म्हणत होती न बापू, काळी गाडी घ्या म्हून!"

एक गोष्ट मात्र मला सारखी खटकत होती. मी त्यांना 'तुम्ही' म्हटले, की ते कानाला हात लावत. शेवटी म्हणालेच, "बाई, अहो-जाहो नका करू जी. लय कसं तरी होऊन राहिलं."

'किती विनयशील माणसे!' मी मनात म्हटले. 'सारिकाचे वळण माहेरचे आहे.'

सुमनच्या दारात रांगोळी होती. आमच्याकडे नवी गाडी नातेवाइकांच्या दारात पहिल्यांदा गेली की तिचेही औक्षण करतात. सुमनने ताट ओवाळले, चाकांवर पाणी घातले, गाडीच्या कपाळी आधीच लागलेल्या कुंकवावर आणखी कुंकू लावले आणि माझ्या कानात म्हणाली, "ताई, प्रशांत कुठी हाये?"

"मागून येतो आहे. हे सारिकाचे मामा-मामी, आणि ह्या त्यांच्या घरच्या आजी."

झाले! सुनेच्या माहेरची माणसे पहिल्यांदा दारात, मग सुमन काय मागे राहते? गृहस्थांच्या पायांवर स्वतः पाणी घातले. त्यांना टोपी आणि उपरणे दिले. शोभाताईंची खणानारळाने ओटी भरली. आजींना नवे लुगडे नेसायला लावले. गृहस्थ टोपी डोक्यावर ठेवून असे बसले होते, की मुंजीतल्या बटूला जेवढे कळत नाही, तेवढेच त्यांनाही कळत नव्हते.

"बाई, हे कायले?" त्यांनी मला हळूच विचारले.

"मान आहे तुमचा. घ्यायचा असतो."

"तुम्ही म्हणता त घेतो बाई." आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आले!

पंगत बसली. सांबारवडी, वडाभात, कढी, पुरणाची पोळी, वर तुपाची धार. सुमनने आग्रह करकरून वाढले. आजींनी लुगड्याचा ओचा सैल केला. आणि सगळे तृप्त झालेले पाहून मला वाटले, की हीच वेळ! मी हात धुऊन उभी राहिले.

"आता निकाल. ही गाडी वेगात कच्ची आहे. न विचारता बोलते. थांबली की झोपते. चालवणारा आणि बसणारे दोघेही सुस्तावतात. माझा निर्णय पूर्ण विचारान्ती आहे आणि तो बदलणार नाही. ही गाडी नापास!"

गृहस्थांच्या हातातली पोळी हातातच राहिली. शोभाताईंनी पदर डोळ्यांना लावला. आजींनी "पाहा, मी सांगत होती!" म्हणून वाटीतले उरलेले तूप पिऊन टाकले.

गृहस्थ अगदी बारीक आवाजात म्हणाले, "बाई, तुम्ही मले सातवीत नापास केलं, ते बरोबरच होतं. मी बाजूच्याचं पाहून लिहीत होतो. पण गाडीनं कोणाचंच पाहिलं नाही न, बाई!"

सातवीत? मी त्यांच्याकडे पाहत राहिले. आणि तेवढ्यात सुमनचा फोन वाजला.

"हाव रे प्रशांत," सुमन म्हणाली. "हाव, ताई आली न. जेवण झालं साऱ्यायचं... सारे कोण म्हणजे? मामा, मामी अन् आजी... काय?... तुझ्याजवळ?... मंग हे कोण होय?"

फोन तिने सरळ माझ्या कानाला लावला.

"आई!" प्रशांत ओरडत होता. "सारी जामसावळी पालथी घातली आम्ही! तुझा फोन त हरिणीतच राहिला! माइकवर तुझं नाव पुकारून राहिले तीनदा! तू हाय कुठी?"

"मी कुठे असणार? तुझ्या नव्या गाडीतून आले आहे!"

"माझी नवी गाडी माझ्यासमोर उभी हाये! मामा-मामी तिच्यात उपाशी बसून राहिले!"

तुम्ही हसता आहात. मला दिसते आहे. वचनाचे काय झाले?

मी फोन ठेवला. टोपी-उपरण्यातल्या त्या गृहस्थांकडे वळले आणि आयुष्यात पहिल्यांदा मला प्रश्न विचारायला धैर्य लागले. "बाळ, तू कोण?"

तो गोंधळला. "मी सुखदेव, बाई. रामाकोन्याचा. तुम्ही त पाहताच ओळखलं न मले!"

"आणि तू... तू मला इकडे का घेऊन आलास?"

"तुम्ही गाडीत बसल्या अन् म्हटलं, निघू या. मंग निघालो."

"अरे, पण तुला घरी रामाकोन्याला जायचे होते ना? विचारायचे नाही का, की बाई, तुम्ही माझ्या गाडीत का बसलात?"

सुखदेवने टोपी काढून छातीशी धरली. "तुम्हाले उलटं विचारायची हिंमत वर्गात कोणाची झाली होती का बाई?"

सुमन तोंडात पदराचा बोळा कोंबून स्वयंपाकघरात पळाली. तिथून जो आवाज येत होता, तो ठसक्याचा नव्हता.

थोड्या वेळाने दारात दोन गाड्या आल्या. आधी हरिणी, घासत, शीळ घालत. मागून आमची खरी पांढरी गाडी, आणि तिच्यात तिगावचे खरे मामा-मामी. मामांना टोपी नाही, मामींना खण नाही, आणि परातीत सांबारवडीचा चुरा तेवढा शिल्लक. सुमनने पुन्हा चूल पेटवली. सुखदेवने मामांना स्वतःची टोपी देऊ केली, तेव्हा मला धरणीने पोटात घेतले असते तर बरे, असे वाटले. पण धरणी अशा कामाला कधी वेळेवर येते का?

सुखदेव निघाला तेव्हा मी त्याच्या गाडीजवळ गेले. माझा निर्णय बदलत नाही, हे गावाला माहीत आहे. पण प्रश्नपत्रिका एकाची आणि उत्तरपत्रिका भलत्याचीच तपासली, तर गुण रद्दच करावे लागतात. मी शोभाताईंना म्हणाले, "गाडी फार चांगली आहे हो. बऱ्याच वर्षांत प्रवासात माझी कंबर दुखली नाही ती आजच." हे बोलताना मी हरिणीकडे पाठ केली होती. तिने ऐकायला नको.

"म्हणजे पास न, बाई?" सुखदेवने विचारले.

"पहिल्या श्रेणीत," मी म्हणाले. त्याने आपल्या सासूकडे असे पाहिले, की आजींनी लुगड्याचा पदर तोंडावरच ओढून घेतला.

आता माझी परीक्षा. सुखदेवची गाडी पास, म्हणजे तिची जुळी बहीण, आमची गाडीही पास. म्हणजे हरिणी डॉक्टरांकडे. शब्द म्हणजे शब्द! परतताना मी हरिणीतच बसले, मागच्या सीटवर, गुडघे कानाला लावून, मुकाट्याने. सौसरला घराशी आलो, तो डॉक्टर दारात उभेच होते. हरिणीकडे पाहताना त्यांच्या डोळ्यांत जुनी माया होती. मी तोंड दुसरीकडे फिरवले.

प्रशांत खाली उतरला. हरिणीच्या लाल टपावर थाप मारली आणि म्हणाला, "डॉक्टरसाहेब, माफ करा. गाडी देता येत नाही."

"का हो?"

"साऱ्या जिल्ह्यात माझ्या आईले ओळखू येते अशी ही एकच गाडी हाये जी. हे गेली, त आई घरी परत येईन कशी?"

सारिका तर हसून हसून पायरीवरच बसली. डॉक्टरही हसले. हरिणी मात्र शांतपणे गोठ्यात गेली. वेगामुळे नव्हे, शानीमुळे नव्हे. तिच्या मालकिणीला दुसरी गाडी ओळखता येत नाही, एवढ्या एका गुणावर ती उत्तीर्ण झाली. नवी गाडी लिंबाखाली उभी असते. पाखरांनी तिला जसे रंगवायचे तसे रंगवले आहे, आणि मला वाटले, चला, निदान आता तरी ती ओळखू येईल!

तरी पुन्हा घोटाळा नको म्हणून सारिकाने तिच्या आरशाला लाल फीत बांधली. "आई, लाल फीत दिसली की आपली गाडी. एवढंच लक्षात ठेवायचं."

"मला लाल फितीचे काय सांगतेस," मी म्हणाले, "मी शिक्षिका होते. वर्गभर लाल फितींच्या वेण्यांतून एकेक मुलगी ओळखत असे."

परवा सारिकाबरोबर बाजाराला गेले होते. ती भाजी घेत मागे राहिली. मी पुढे आले. पांढरी गाडी, आरशाला लाल फीत. मी नीट पाहिले, फीत हाताने चाचपलीसुद्धा! मग दार उघडून बसले, पिशवी पायाशी ठेवली आणि डोळे मिटले. पुढून कोणीतरी खाकरले.

"बाई, तुमच्या गाडीले फीत पाहिली, म्हून आम्हीबी बांधली," सुखदेव म्हणाला. बाजूच्याचे पाहून लिहायची त्याची सवय अजून गेलेली नाही! आणि मग गाडी सुरू करून, आरशात माझ्याकडे पाहत, अगदी आदराने त्याने विचारले,

"आज जेवाले कोणाकडं जायचं, बाई?"